सभागृहात सगळेच रडतात

२ मार्च

झाला एकदाचा हॉल. आज सुतारानं शेवटचा बोर्ड ठोकला आणि ठोकता ठोकता चक्क हुंदका दिला. म्हटलं, "काय रे, बोट चेचलं का?" तर म्हणाला, "नाही मालक, उगाच भरून येतंय. असं काम आयुष्यात केलं नव्हतं." डोळे लालभडक, नाक गळतंय, आवाज घोगरा. कामात इतका जीव गुंतलेला कारागीर आजकाल बघायला मिळत नाही.

चपलांच्या दुकानावरचा हा मजला घेतला तेव्हा सगळ्यांनी मला वेड्यात काढलं होतं. निवृत्त माणसानं म्हणे गप घरी बसावं, पेपर वाचावा आणि बायकोच्या कामात नाक खुपसावं. आता या म्हणावं बघायला. चारी भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत भुसा दाबून केलेले बोर्ड, वरून सागवानी रंगाचा कागद, आणि आवाज घुमू नये म्हणून प्रत्येक बोर्डाला चाळणीसारखी भोकं. भोकांची कल्पना माझी. सुतार कुरकुरला, "आतली कड कच्ची राहील मालक, तिथं काही लावता येत नाही." म्हटलं, भोकात डोळा घालून कोण बघतंय?

येणारा-जाणारा मात्र वास येतो, वास येतो म्हणून नाक मुरडतो. मला येत नाही. कातडी कमावायच्या कारखान्यात जन्मभर स्टोअर सांभाळलं, नाक तिथंच कामातून गेलं. आणि नव्या वस्तूला नवा वास असायचाच. या लोकांना उगाच नाकानं कांदे सोलायची सवय.

उरलेल्या बोर्डांतून हिच्यासाठी मागं खास केबिन करून घेतली. भिंती, छत, टेबल, कपाट, सगळं त्याच बोर्डाचं. समोर काच, म्हणजे बसल्या जागी स्टेज दिसावं. फोन घेणं आणि तारखा देणं ही बघणार. लग्न झाल्यापासून हिला स्वतःची अशी खोली कधी मिळाली नव्हती. मोठ्या हौसेनं दार उघडून दाखवलं, तर म्हणते, "अहो, खिडकी कुठाय?" कौतुक राहिलं बाजूला. म्हटलं, खिडकी ठेवली तर रस्त्याचा सगळा गोंगाट आत येईल. मग हिनं खुर्चीत बसून टेबलावरून हात फिरवला, कपाटाचे खण उघडून बघितले. आवडली असावी.

७ मार्च

पहिला कार्यक्रम. पाणीपुरवठा कार्यालयाच्या मोठ्या साहेबांचा निरोप समारंभ. हेडक्लार्कनं बुकिंग करतानाच सांगून टाकलं होतं, "लवकर आटपू हो. माणूस नाही, खवीस आहे. उद्यापासून आम्ही सुटलो." जिना चढताना दोघं-तिघं तर एकमेकांना टाळ्या देत होते.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. खिडक्या लावून घेतल्या, एसी सोडला. दुसऱ्या भाषणालाच चमत्कार झाला. हेडक्लार्क "साहेबांची शिस्त" एवढं म्हणाला आणि त्याचा गळा दाटला. पटापट रुमाल निघाले. टायपिस्ट बाई बोलायला उभ्या राहिल्या, पण त्यांना शब्द फुटेना. शेवटी साहेब उठले, डोळे डबडबलेले. "मला वाटलं होतं, मी तुम्हाला नकोसा झालोय," म्हणाले आणि मटकन खाली बसले. सगळा हॉल नाकं ओढत होता. मी त्या माणसाला ओळखतसुद्धा नाही, पण माझ्याही डोळ्यांना धार लागली. भिंती चांगल्या असल्या की शब्द काळजाला भिडतात, हे मी पहिल्यापासून सांगत होतो.

हिला सांगायला केबिनमध्ये गेलो तर ही खोकत होती. म्हणे डोळे चुरचुरतात. म्हटलं, अगं, आज सगळ्यांचेच!

११ मार्च

सकाळी सकाळी हेडक्लार्क दारात. तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

"तुमच्या हॉलनं आमचं वाटोळं केलं. साहेबांनी मुदतवाढ मागितली, आणि मिळाली. म्हणतात, एवढं प्रेम करणाऱ्या माणसांना मी वाऱ्यावर सोडणार नाही."

"मग रडलात कशाला?"

"मी कुठं रडलो? ते आपोआप आलं!"

त्याला म्हटलं, आतून आल्याशिवाय अश्रू येत नसतात, तुझं प्रेम होतं, तुलाच माहीत नव्हतं. त्यावर तो जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही.

१६ मार्च

गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा. गाड्या लावायच्या जागेवरून तिथं दोन तट पडलेत, आणि गेल्या वर्षी म्हणे खुर्च्या फेकल्या गेल्या. मी आपला दारात उभा, खुर्च्यांवर लक्ष ठेवून. तर अध्यक्ष अहवाल वाचता वाचता डोळे पुसायला लागले. ते बघून विरोधी तटाचे पुढारी विरघळले. "तुमची गाडी माझ्या जागेत लावा," "नाही, तुम्ही माझ्या जागेत लावा," असं करत दोघं गळ्यात पडले. आता दोन्ही जागा रिकाम्या आहेत आणि गाड्या रस्त्यावर.

हे सगळं मेहुण्यानं बघितलं. हिचा धाकटा भाऊ. त्याला लहानपणापासून सगळे भोंगा म्हणतात, कारण तो कानात बोलला तरी पलीकडच्या गल्लीत कळतं. म्हणाला, "भाऊजी, तुम्हाला कळतंय का, तुम्ही सोन्याच्या अंड्यावर बसलात! लोकांना रडायचं असतं हो, जागा मिळत नाही." उद्यापासून तो बुकिंग आणणार. जाहिरातही त्यानंच लिहिली: 'इथे मनाला पाझर फुटतो'.

हिचा खोकला वाढलाय. घशात कोणीतरी खवणी फिरवतंय म्हणते. गरम पाणी प्यायला सांगितलं.

२३ मार्च

काल विनोदी कलाकाराचा कार्यक्रम होता. पहिल्या विनोदाला लोक हसले, तिसऱ्याला डोळे पुसू लागले, आणि मध्यंतरानंतर सगळा हॉल मुसमुसत होता, तोही. आज भोंगा सांगत आला की लोक आता त्याला मोठा गंभीर कलावंत म्हणतायत. त्यानं पुढच्या महिन्याच्या दोन तारखा घेतल्या.

२९ मार्च

ही चार दिवस ताईकडे, म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीकडे, जाऊन आली. तिथं खोकला नाही, डोळे नाहीत, रात्री शांत झोप. चेहरा तर असा टवटवीत की मीच बघत राहिलो. परत आली, दुपारपर्यंत केबिनमध्ये बसली, आणि पुन्हा खों खों सुरू. रात्री घरी कमी. सकाळी हॉलवर आलो की परत.

मी काही दूधखुळा नाही. हिशेब सरळ आहे. माझ्यापासून लांब गेली की बरी, माझ्याजवळ आली की आजारी. संसाराला इतकी वर्षं झाल्यावर माणसाला बायकोचा खोकला होऊन बसायची वेळ यावी! दिवसभर हे मनात सलत होतं. संध्याकाळी न राहवून विचारलं, "तुला माझा कंटाळा आलाय का?"

"अहो, काहीतरीच काय? तिथं हवाच नाहीये."

"एसी आहे की!"

ही म्हणाली, "तुमच्याशी बोलायचं म्हणजे दगडावर डोकं आपटणं." म्हणजे कंटाळा आलाच आहे. मी जेवलो नाही. नंतर भूक लागली म्हणून जेवलो.

३ एप्रिल

डॉक्टरीणबाईंकडे गेलो. हिला जिना चढताना धाप लागायला लागली आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला, मग काय करणार? बाईंनी पुढून मागून छाती तपासली. घरी कोण विडी-सिगरेट ओढतं, विचारलं. कोणी नाही. दिवसभर कुठं बसता? हिनं केबिनचं सांगितलं. बाईंनी लगेच पेन खाली ठेवलं.

"नवीन बोर्डाचं काम आहे? भुसा दाबून करतात तो?"

"उत्तम प्रतीचं आहे," मी म्हटलं.

बाई म्हणाल्या, तो भुसा ज्या गोंदानं चिकटवतात त्यातून फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू निघतो, महिनोन्महिने निघतो. कच्च्या कडा उघड्या असल्या, उकाडा असला, खिडक्या बंद असल्या की जास्तच. डोळ्यांतून पाणी येतं, नाक आणि घसा जळतो, आवाज बसतो, खोकला येतो. आणि ज्यांना तो सोसत नाही त्यांच्या श्वासनळ्या आकसतात. "यांच्या आकसतायत. यांना तिथं पाऊल टाकू देऊ नका. खिडक्या सताड उघड्या ठेवा, नाहीतर ते बोर्ड उतरवा. तुम्हाला वास नाही का आला?"

कातडीच्या कारखान्याचं सांगितलं. "म्हणजे घरातला चौकीदारच झोपलेला," बाई म्हणाल्या.

मी विचारलं, "या वायूनं माणसाच्या भावना जाग्या होतात का?"

आता मलाच तपासायला घ्यावं, असं बाईंनी बघितलं. हिला नाकातोंडातून ओढायचं औषध लिहून दिलं. वाटेत दुकानातून ते घेतलं आणि घरी आलो. हिच्यासमोर कबूल करणार नाही. पण लिहायला काय हरकत आहे? माझी पाचावर धारण बसलीय. म्हणजे साहेबांसाठी कोणी रडलं नव्हतं? ते दोघं गळ्यात पडले ते गोंदामुळे? मी रडलो तेही?

५ एप्रिल

हिला घरी बसवलं. एकदा खात्री करून घ्यावी म्हणून आज सगळ्या खिडक्या उघडल्या, पंखे लावले. भोंग्याला कारण सांगितलं नाही.

आज नेमका प्राथमिक शाळेतल्या बाईंचा निरोप समारंभ होता. अर्ध्या गावाला ज्यांनी अक्षरओळख करून दिली त्या बाई. माणूस म्हणजे साखर. भाषणं अशी सुरेख झाली की काय सांगू. आणि एकाच्याही डोळ्यांत टिपूस नाही! लोक मान डोलावत होते, घड्याळ बघत होते, रस्त्यावरचा केळीवाला ओरडत होता. हॉलची कीर्ती ऐकून बाईंनी पर्समध्ये चांगले तीन रुमाल आणले होते. तसेच घडी न मोडता परत नेले. जिन्यात मला हळूच म्हणाल्या, "इथं त्या पाणीपुरवठ्याच्या साहेबांसाठीसुद्धा लोक रडले म्हणे. मीच कुठं कमी पडले का हो?"

ज्यांच्यासाठी रडावं त्यांच्या वेळी खिडक्या उघड्या, आणि खवीसाच्या वेळी बंद. मला बाईंच्या तोंडाकडे बघवेना. त्या गेल्यावर मी एक एक खिडकी लावून घेतली. यात माझा स्वार्थ नाही. माणसाला निरोपाच्या दिवशी दोन अश्रू मिळायला नकोत? एक मात्र खरं, ही आता हॉलवर येत नाही, मग खिडक्या बंद ठेवल्या तर बिघडलं कुठं?

१२ एप्रिल

धंदा जोरात. भोंगा बसला. म्हणजे त्याचा आवाज. आयुष्यात पहिल्यांदा तो बोलतोय आणि ऐकू येत नाही. नुसती हवा येते. हिनं सांगितलं, त्याची बायको म्हणते, "घरात देव आल्यासारखी शांतता आहे." त्याला सुद्धा गरम पाणी सांगितलं. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं सांगितलं नाही.

१८ एप्रिल

नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा असलेला उमेदवार स्वतः हॉल बघायला आला. आत येऊन उभा राहिला, डोळे पुसले, म्हणाला, "हाच. हाच हवा." शनिवारची सभा. त्याच्या माणसांनी खिडक्यांच्या फटींत पट्ट्या चिकटवल्या. बाहेरच्या गाड्यांच्या भोंग्यांचा त्रास नको म्हणे. मी म्हटलं, "थोडी हवा..." उमेदवार म्हणाला, "हवा आपलीच आहे!" सगळे हसले, मीही हसलो.

अडचण एकच. त्या दिवशी फोनचा सारखा मारा होणार, आणि भोंग्याला आवाज नाही. मला ऐकू कमी येतं. ही आपणहून म्हणाली, "एक दिवस मी बसते. औषध बरोबर ठेवते. तुमची धांदल बघवत नाही." मी नको म्हणायला हवं होतं. नको म्हणालोही, पण असं म्हणालो की तिनं हो समजावं. एक दिवसाचाच तर प्रश्न आहे.

२१ एप्रिल, रविवार, सकाळ

हे हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितोय. पण कोणाला तरी सांगायला हवं, आणि इथं ओळखीचं कोणी नाही.

काल हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. उन्हाचा कहर, खिडक्या बंद, एसीचं काही चालेना. उमेदवार बोलायला उभा राहण्याआधीच पहिल्या चार रांगा रडत होत्या. त्याला वाटलं आपल्या नुसत्या येण्यानं. तो इतका भारावला की भाषण विसरला. सभा उधळायला आलेला त्याचा विरोधक मागच्या रांगेत होता, त्याचेही डोळे वाहत होते. उमेदवारानं ते बघितलं आणि माइकवर ओरडला, "त्याच्या डोळ्यांत पाणी आहे! माझ्यापेक्षा तोच तुमची सेवा करील! मतं त्यालाच द्या!" विरोधक धावत स्टेजवर आला आणि "नाही, यालाच द्या!" म्हणून त्याच्या पाया पडला. लोक खोकत होते, रडत होते आणि टाळ्या वाजवत होते. मी स्टेजच्या कडेला उभा. मला सगळं माहीत होतं, तरी छाती अभिमानानं फुगली होती. हे लिहायलाच हवं.

तेवढ्यात समोर केबिनच्या काचेकडे नजर गेली. ही उभी होती. दोन्ही हात काचेवर, तोंड उघडं. आणि मला काय वाटलं असेल? वाटलं, अखेर हिलाही पाझर फुटला. मी तिथूनच हात हलवला. हसलो सुद्धा.

हिनं काचेवर थापा मारल्या. टाळ्यांच्या कडकडाटात कुठल्या ऐकू येणार? केबिनच्या दाराशी पण माणसं दाटलेली, दार बाहेर उघडतं, ते उघडेना. कसंबसं एका बाईनं फटीतून हात घालून हिच्या पाठीवरून फिरवला. म्हणाली, "रडा ताई, मोकळ्या व्हा." हे मला नंतर त्या बाईनंच सांगितलं, आणि सांगताना ती खरंच रडत होती.

मी बघत होतो, आणि मग लक्षात आलं की सगळ्या हॉलमध्ये एकट्या हिच्याच डोळ्यांत माझ्यासाठी, उमेदवारासाठी, कोणासाठीच काही नव्हतं. हिला फक्त श्वास हवा होता. ओठ निळे पडले होते. मग मी कसा खाली उतरलो, कोणाला ढकललं, कोणाच्या पायावर पाय दिला, आठवत नाही. भोंगा खुर्चीवर उभा राहून "बाजूला व्हा" म्हणून ओरडत होता, आणि त्याच्या तोंडातून आवाजच निघत नव्हता. खुर्ची घालून काच फोडली. हिला उचलून जिन्यावरून खाली आणलं. रस्त्यावर चपलांच्या दुकानदारानं फळीवर निजवलं, रिक्षा थांबवली. इतकी हलकी कधी झाली होती ही?

डॉक्टरीणबाई इथंही येतात. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडल्या नाहीत. "मी सांगितलं होतं," एवढंच म्हणाल्या. त्यापेक्षा दोन मुस्काटात दिल्या असत्या तर बरं झालं असतं. धोका टळलाय, पण छाती नाजूक झालीय, पुढं फार जपावं लागेल म्हणाल्या. मी इथूनच सुताराला फोन केला. म्हटलं, सगळे बोर्ड काढ. तो म्हणाला, "मालक, एवढं जीव लावून केलेलं काम!" म्हटलं, काढ. केबिन आधी काढ.

२१ एप्रिल, दुपार

आत सोडलं. नाकातोंडावर मास्क, हाताला नळी. मला बघून हिनं डोळे मिटून उघडले. काय काय बोलायचं ठरवून गेलो होतो. चुकलो म्हणणार होतो. डॉक्टरीणबाई बोलल्या तेव्हाच मला कळलं होतं आणि तरी तुला बसू दिलं, हेही सांगणार होतो. स्टुलावर बसलो आणि नुसता रडायला लागलो. पोरासारखा, नाक ओढत.

हिनं मास्क जरासा उचलला. म्हणाली, "अहो, कालचेच कपडे ना हे?"

"हो."

"त्याला वास येतोय तिथला. मलाही सोसत नाही, तुमच्याही डोळ्यांना लागतंय. जा, अंघोळ करून या."

घरी गेलो. दोनदा साबण लावला, डोक्यावरून पाणी घेतलं, पुन्हा घेतलं. हॉलवर कधीच न घातलेला सदरा ट्रंकेच्या तळातून काढला, चपला सुद्धा बदलल्या, आणि चालत परत आलो. वाटेत वारा सुटला होता. हिच्या उशाशी बसलो.

"अजून येतोय का गं वास?"

हिनं माझ्या बाहीला नाक लावलं. "नाही."

"मग डोळ्यांचं हे काय चाललंय?"

"ते आता तुमचं तुम्हीच बघा," ही म्हणाली, आणि मास्क परत नाकावर ओढून घेतला.